सहावा हिस्सा वजा

६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियातल्या मगदान येथे उतरवावे लागले. मगदान हे रशियाच्या पूर्व टोकाचे, ओखोत्स्क समुद्राकाठचे थंड हवेचे बंदर. दोनशेवर प्रवासी तेथे अडकले. दुसरे विमान पाठवून त्यांना पुढे नेण्यात आले. ती बातमी वाचून पुष्कळांना एकच प्रश्न पडला. दिल्लीहून अमेरिकेला जायचे, तर विमान तिकडे सायबेरियाच्या पलीकडे कशाला गेले होते?

प्रश्न भाबडा नाही. आपल्या मनात जगाचा जो नकाशा बसलेला असतो तो शाळेच्या भिंतीवरचा असतो. १५६९ मध्ये मर्केटर नावाच्या नकाशाकाराने खलाशांच्या सोयीसाठी जी पद्धत काढली, तिच्याच वळणाचे नकाशे पुढे भिंतीभिंतीवर टांगले गेले. होकायंत्राचा काटा एकाच अंशावर धरून गलबत हाकले, तर त्याची वाट या नकाशावर सरळ रेषेत दिसते. खलाशाला तेवढे पुरे असते. पण सरळ दिसणारी ही वाट जवळची नसते. पृथ्वीचा गोल हातात घ्या, दिल्लीवर बोट ठेवा आणि तेथून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणून धरा. दोरा पूर्वेला जातच नाही. तो उत्तरेकडे, किंचित पूर्वेला झुकून निघतो, हिमालय आणि तिबेट ओलांडतो, मंगोलियाच्या बाजूने सायबेरियात शिरतो, ७५ अक्षांशाच्याही वर, बर्फाळ समुद्रापर्यंत चढतो आणि मग अलास्कावरून खाली कॅलिफोर्नियात उतरतो. या दोऱ्याची लांबी सुमारे १२,३८० किलोमीटर भरते. भिंतीवरच्या नकाशातल्या सरळ रेषेने गेलो तर जवळजवळ १५,००० किलोमीटर पडतात. दोन विमानतळांमधले 'हवाई अंतर' म्हणून जो आकडा छापला जातो, तो या ताणलेल्या दोऱ्याचा. या आकड्याने प्रवास मात्र कोणीच करत नाही.

हा दोरा ताणण्याचे गणित विमानांच्या फार आधीचे आहे. ते ज्यांनी निकडीने सोडवले त्यांना उडायचे नव्हते. त्यांना उभे राहायचे होते, एका ठरावीक दिशेला तोंड करून.

किब्ल्याचा प्रश्न मक्का-मदिनेच्या आसपास होता तोवर सोपा होता. राज्य समरकंदपासून कुर्तुब्यापर्यंत पसरले तेव्हा तो गणिताचा झाला. दोन हजार मैलांवरचे, डोळ्यांना न दिसणारे एक शहर नेमके कोणत्या बाजूला आहे, हे सांगायचे तर दोन्ही ठिकाणांचे अक्षांश हवेत, रेखांश हवेत, पृथ्वीचा आकार माहीत हवा आणि गोलावरच्या त्रिकोणाचे गणित हवे. फकीहांनी यातून व्यवहाराची वाट काढली होती. काबा डोळ्यांसमोर असेल त्याने नेमका काबा साधावा, दूरच्याने त्या बाजूची दिशा धरली तरी पुरे. त्यामुळे जुन्या मशिदींच्या दिशा एकमेकींशी नेहमी जुळत नाहीत, आणि त्यात कोणाला पाप वाटले नाही. पण हिशेबी माणसाला 'ती बाजू' एवढ्याने समाधान कसे वाटावे?

खलिफा मामून (कारकीर्द ८१३ ते ८३३) याने सिंजारच्या सपाट मैदानात माणसे पाठवून एक अंश म्हणजे जमिनीवर किती मैल, हे मोजून घेतले. ५६ पूर्णांक दोन तृतीयांश अरबी मैल असे उत्तर आले आणि पुढे शतकानुशतके तेच चालले. त्याच काळाच्या थोडे आधी बगदादेत ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतले संस्कृत ज्योतिषगणित अरबीत उतरले होते. त्यातून 'ज्या' ऊर्फ 'जीवा' ही संज्ञा अरबीत गेली. अरबी लिपीत ती फक्त व्यंजनांनी लिहिली गेली आणि वाचणाऱ्यांनी ती 'जैब' अशी वाचली. जैब म्हणजे अंगरख्याच्या गळ्याची फट, खिसा. आपण उर्दूत 'जेब' म्हणतो तोच शब्द. पुढे लॅटिनमध्ये कोणी त्याचा शब्दशः तर्जुमा 'सायनस' असा केला आणि शाळेत आपण 'साईन थीटा' म्हणू लागलो. विमानाचे अंतर काढणाऱ्या आजच्या प्रत्येक सूत्रात हा साईन आहे. संस्कृतातली धनुष्याची दोरी, अरबांचा खिसा आणि युरोपची सही, असा त्याचा प्रवास. कोणा एकाच्या नावावर हे सगळे मांडण्याची आजकाल जी घाई असते, तिला हा एक शब्द पुरेसा आहे.

या गणिताला ज्याने सर्वांत चिकाटीने जमिनीवर उतरवले तो अबू रैहान अल्बेरुनी. जन्म ९७३, ख्वारिझममध्ये, अमूदर्याच्या काठी. १०१७ मध्ये महमूद गझनवीने ख्वारिझम घेतले आणि तिथल्या विद्वानांसोबत त्यालाही गझनीला नेले. हा मान होता की कैद, हे ठरवणे कठीण. दरबारी ज्योतिषी म्हणून त्याला किंमत होती, पण मर्जीने कुठे जाण्याची मुभा नव्हती. १०१८ च्या ऑक्टोबरात तो काबूलजवळच्या जैफूर नावाच्या खेड्यात होता. जवळ उपकरण नाही, साधन नाही, मन विटलेले. काबूलचे अक्षांश तर काढायचे होते. त्याने धूळ पसरून आकडेमोड करायच्या पाटीच्या पाठीवर वर्तुळाचा तुकडा आखला, त्याचे अंश पाडले आणि त्यावरून सूर्याची उंची मोजली.

गझनी म्हटले की आपल्याकडे एकच नाव डोळ्यांसमोर येते. तेच शत्रूंना शिवी म्हणून आणि काही भाबड्या मुसलमानांना पोवाडा म्हणून आठवते. १०२५ साली महमूद गझनीहून सोमनाथच्या स्वारीवर निघाला. त्याच वर्षी, त्याच शहरात अल्बेरुनीने एक ग्रंथ पुरा केला. नाव लांबलचक आहे, 'तहदीद' एवढे म्हटले तरी चालते. शहरांमधली अंतरे दुरुस्त करण्यासाठी ठिकाणांच्या जागा निश्चित करणे, असा त्या नावाचा मथितार्थ. त्याचे एक जुने हस्तलिखित इस्तंबूलच्या संग्रहात टिकून आहे. गझनीहून मक्का नेमकी कोणत्या दिशेला, या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा सारा खटाटोप आहे, आणि शेवटी ते उत्तर चार वेगवेगळ्या रीतींनी काढून दाखवले आहे. पुढे १०३० च्या सुमारास लिहिलेल्या 'किताबुल हिंद'मध्ये, महमूदच्या स्वाऱ्यांनी हिंदुस्थानची भरभराट धुळीला मिळवली आणि हिंदूंच्या मनात मुसलमानांविषयी तेढ बसली, हेही त्यानेच नोंदवून ठेवले. एक हजार वर्षांनी गझनीचा वारसा सांगायचा असेल तर दोघांपैकी कोणाचा, हे निवडण्याची मोकळीक आपल्याला आहे.

आता त्याची रीत पाहू. अक्षांश काढणे सोपे. दुपारचा सूर्य किंवा ध्रुवतारा पाहिला की झाले. अडचण रेखांशांची. रेखांश म्हणजे वेळेचा फरक. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. एकाच क्षणी दोन शहरांत किती वाजले आहेत हे कळले तर काम झाले. पण तो 'एकच क्षण' दोन्हीकडे ओळखायचा कसा? तार नाही, फोन नाही. उत्तर आकाशात होते. चंद्रग्रहण जिथून दिसते तिथे एकाच वेळी दिसते. २४ मे ९९७ च्या रात्री ग्रहण होते. तरुण अल्बेरुनीने ते ख्वारिझममधल्या काथ येथून पाहिले आणि ठरल्याप्रमाणे बगदादेतून अबुल वफा बूझजानी या बुजुर्ग गणितज्ञाने पाहिले. दोघांच्या नोंदी जुळवल्या तेव्हा सुमारे एका तासाचा फरक निघाला. मधल्या वाळवंटातून कुठला कासिद तो फरक घेऊन आला असेल, त्याला किती महिने लागले असतील, हे सोडून द्या. दोन दूरच्या ठिकाणच्या घड्याळांची वेळ अशी जुळवली गेली. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या रेखांशांत पूर्वेकडून पश्चिमेला मोजले तर १९९ अंशांहून थोडे अधिक अंतर आहे. त्याला १५ ने भागा, तेरा तास आणि वर थोडी मिनिटे येतात. हिवाळ्यात या दोन विमानतळांवरच्या घड्याळांत साडेतेरा तासांचा फरक असतो, तो याच हिशेबाचा.

ग्रहणे मात्र मागितल्यावर मिळत नाहीत. गझनीसाठी त्याने दुसरी वाट धरली. काफिल्यांची अंतरे गोळा केली. त्या काळी अंतर फरसखात सांगत. एक फरसख म्हणजे तीन मैल. पण लोक मोजत ते मंजिलींनी. एक मंजिल म्हणजे दिवसभराची चाल, साधारण सहा ते आठ फरसख. म्हणजे अंतर हीच वेळ होती आणि वेळ हेच अंतर. घाट असला की मंजिल आखूड, मैदान असले की लांब. अशा आकड्यांतून अल्बेरुनीला पक्ष्याच्या उड्डाणाचे अंतर काढायचे होते. बगदादहून रय, ख्वारिझम, बल्ख असे उत्तरेकडून गझनीपर्यंत त्याने शहरामागून शहर जोडले. मग शिराज आणि सीस्तानमार्गे दक्षिणेकडूनही जोडले, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याने कळावी. रस्ता वळणे घेतो, नदीला वळसा घालतो, विहिरीसाठी वाकडा होतो. म्हणून काफिल्याच्या अंतरातून तो साधारण सहावा हिस्सा वजा करी. उरेल ते सरळ अंतर.

दोन शहरांमधले सरळ अंतर आणि दोघांचे अक्षांश हाती आले की रेखांशांतला फरक भूमितीने निघतो. त्यासाठी त्याने टॉलेमीचा चौकोनाचा जुना सिद्धांत वापरला. आज संगणक रेखांशांवरून अंतर काढतो, त्याने अंतरावरून रेखांश काढले. गणित तेच, उलट्या बाजूने. बगदाद आणि गझनी यांच्यातला फरक त्याने २४ अंश २० कला असा बसवला. आजच्या नकाशात तो २४ अंशांपेक्षा किंचित अधिक आहे. उंटांच्या पावलांवरून काढलेल्या हिशेबात अर्ध्या अंशाचीही चूक नाही.

पृथ्वीची त्रिज्याही त्याने मोजली. आज पाकिस्तानातील पंजाबात असलेल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावर चढून त्याने क्षितिज किती खाली झुकलेले दिसते ते पाहिले. झुकाव आला ३४ कला, डोंगराची उंची ६५२ हात. त्यावरून त्रिज्या १ कोटी २८ लाख हातांवर बसवली. ही त्रिज्या आजच्या आकड्याशी काही किलोमीटरांच्या फरकाने जुळते, असे अनेक ठिकाणी मोठ्या अभिमानाने लिहिलेले सापडते. जरा जपून. त्याचा 'हात' किती सेंटिमीटरांचा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही आणि क्षितिजाजवळ हवेतून प्रकाश वाकतो तो हिशेब त्या रीतीत धरलेला नाही. रीत अस्सल आहे. तिला खोट्या दशांश चिन्हांची गरज नाही.

शिवाय जिथे त्याने स्वतः तपासले नाही तिथे तोही ऐकीव माहितीच्या हवाली होता. 'किताबुल हिंद'मध्ये त्याने हिंदुस्थानातल्या वाटा दिल्या आहेत आणि त्यात आपण आहोत. धारहून दक्षिणेला निघाले की सात फरसखांवर नमिय्याचे खोरे, पुढे अठरा फरसखांवर महरट्टा देश, आणि पुढे पंचवीस फरसखांवर कोकण व समुद्रकाठची त्याची राजधानी ताना, म्हणजे आपले ठाणे. बेरीज पन्नास फरसख. तिथे त्याने फरसख चार मैलांचा धरला आहे. तसे धरूनही ही बेरीज धार ते ठाणे या हवाई अंतरापेक्षा कमीच भरते. सातपुडा आणि सह्याद्री ओलांडून जाणारी वाट सरळ दोऱ्याहून आखूड असणे शक्यच नाही. पंजाबच्या पुढे तो फारसा आला नव्हता. कोणा व्यापाऱ्याने सांगितले, याने लिहून घेतले. तरीही कोकणच्या माणसाला आपले गाव त्या यादीत पाहून बरे वाटते, हे खरे.

गोलावरच्या सरळ रेषेची ही गोष्ट पुन्हा तापली ती विसाव्या शतकात, अमेरिकेत. मुंबईत हा प्रश्नच येत नाही. पश्चिमेला तोंड केले की नेमक्या किब्ल्यापासून फार तर दहा अंश डावीकडे पडतो. पण १९५७ मध्ये वॉशिंग्टनचे इस्लामिक सेंटर उघडले, त्याचा किब्ला ईशान्येकडे, उत्तरेपासून ५६ अंशांच्या आसपास आहे. नकाशात मक्का वॉशिंग्टनच्या आग्नेयेला दिसते. मग तोंड ईशान्येला का? पुढे अमेरिकेच्या मशिदींतून यावर वाद झाले, पत्रके निघाली, काही ठिकाणी सफा फिरवल्या गेल्या. एक बाजू म्हणे, मक्का दक्षिणेला आहे हे शेंबडे पोरही सांगेल. दुसरी बाजू म्हणे, विमानतळावर जा आणि पूर्वेकडे निघालेले विमान आधी कुठे वळते ते बघा. सॅन फ्रान्सिस्कोत तर हिशेबाने किब्ला जवळजवळ उत्तरेलाच येतो. उत्तरेपासून १९ अंश पूर्वेला. कल्याण-भिवंडीहून तिकडे नोकरीला गेलेल्या मुलाला पहिल्यांदा ते पाहून चुकल्यासारखे वाटते, आणि इथे फोनवर ऐकणाऱ्या आईला तर ते पटतच नाही. बहुसंख्य मशिदी आज दोऱ्याच्या बाजूने आहेत. दुसरी बाजू धरणाऱ्यांची नमाज झाली नाही असे म्हणणाऱ्यांनी फकीहांची ती जुनी सवलत पुन्हा वाचावी.

आता विमानाकडे वळू. दोरा १२,३८० किलोमीटरचा, पण त्यावरून विमान जात नाही, असे वर म्हटले. तिबेटच्या पठारावर हवेचा दाब बिघडला तर विमानाला तातडीने खाली यावे लागते आणि तिथे खाली यायला जागाच नाही. जमीनच चार-पाच हजार मीटर उंच. म्हणून वळसा. मग कुठल्या देशाचे आकाश उघडे, कुठल्याचे बंद, हा हिशेब. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानचे आकाश बंद होते, एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले. पश्चिमेकडे जाणाऱ्या लांब उड्डाणांना त्यामुळे इंधनासाठी वाटेत उतरावे लागले. अल्बेरुनीच्या काळी काफिला टोळीच्या मुलुखाला वळसा घालून जाई, त्यातलाच प्रकार.

आणि शेवटी वारा. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली ती युरोप आणि अटलांटिकवरून. वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. पण उंचावर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि हे विमान सारा वेळ वाऱ्याला तोंड देत जाई. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी कंपनीने तेच विमान उलट दिशेने, पूर्वेकडून प्रशांत महासागरावरून पाठवले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे १,४०० किलोमीटर अधिक. वारा पाठीशी असल्याने ते साडेचौदा तासांत पोचले; आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर. लांबची वाट जवळची ठरली. त्यातही घड्याळाची गंमत अशी की, ऑक्टोबरात दोन शहरांतला फरक साडेबारा तासांचा असतो. दिल्लीत निघताना जे वाजले होते त्याच्या पुढे फक्त दोन तासांनी, त्याच तारखेला, प्रवासी अमेरिकेत उतरले. परतीला वारा पुन्हा पाठीशी घ्यायचा म्हणून विमान अटलांटिकवरून पूर्वेकडेच आले. एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा.

म्हणजे वैमानिक आणि काफिल्याचा सरदार एकाच जातीचे. दोघेही अंतर दिवस-तासांत मोजतात आणि वाटेत जे आडवे येईल त्याला वळसा घालतात. मग एक हिशेब करून पाहण्याचा मोह आवरत नाही. एक वाट १३,९०० किलोमीटरची, दुसरी १५,३०० ची. अल्बेरुनीला हे दोनच आकडे मिळाले असते तर? मध्य काढला तर १४,६०० येतात. त्यातून काफिल्याच्या रिवाजाने सहावा हिस्सा वजा केला की उरतात १२,१६७. ताणलेल्या दोऱ्याची लांबी आहे १२,३८० किलोमीटर. योगायोग म्हणा हवे तर. फरक दोन टक्क्यांच्याही आत आहे.